वृद्धसेवा केंद्रातला डिमेन्शिया: रजिस्टरमध्ये 'त्रास देतात' लिहिण्याआधी

सांजवात (धागाकर्ती)

केंद्राच्या हँडओव्हर रजिस्टरमध्ये एक वाक्य रोज भेटतं: 'आजी रात्रभर त्रास देत होत्या.' हे वाचून सकाळच्या पाळीला काहीच करता येत नाही. डॉक्टर राउंडला आले की त्यांच्याही कानावर तेवढंच घातलं जातं आणि झोपेची गोळी वाढते.

हीच नोंद अशी असती तर? 'पहाटे ३:१०. पॅड बदलताना उजव्या कुशीवर वळवलं. ओरडल्या, मावशींच्या मनगटाला चावल्या. उताणं केल्यावर चार मिनिटांत शांत.' हे वाचणारा आधी उजवा खुबा आणि खांदा दाबून बघेल. गोळीचा विचार त्यानंतर.

डिमेन्शियात विस्मरणाच्या जोडीनं येणारा संशय, भास, चिडचिड, मारणं, ओरडणं, घिरट्या, उदासी, झोपेची उलटापालट या सगळ्याला डॉक्टर मंडळी बीपीएसडी (बिहेवियरल अँड सायकॉलॉजिकल सिम्प्टम्स ऑफ डिमेन्शिया) म्हणतात. १९९६ पासून हे नाव रूढ आहे. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा लासी-डॅड या वृद्धांच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक घरीच असतात. केंद्रात माणूस आणला जातो तो बहुधा या वागण्यामुळेच, विसरण्यामुळे क्वचित.

तर सुरुवात नोंदीपासून. एका वेळी एकच रहिवासी, एकच वर्तन, सात दिवस. रकाने सात: वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, नेमकं काय केलं, किती वेळ, जवळ कोण होतं, कशानं थांबलं. 'आक्रमक', 'हट्टी', 'नाटकी' हे शब्द बंद, कारण ते आपलं मत सांगतात, घडलेलं सांगत नाहीत. आठव्या दिवशी तासाप्रमाणे खुणा मोजायच्या. बहुतेक वेळा खुणा दोन-तीन ठिकाणीच गोळा झालेल्या दिसतात: आंघोळ, संध्याकाळ, पॅड बदलणं. दिवसभर 'त्रास' देणारा माणूस प्रत्यक्षात दिवसातून चाळीस मिनिटं बिथरलेला असतो.

जाणकारांनी आपापल्या कामातलं लिहावं. नेमकं लिहा, एवढीच विनंती.

मनोवैद्य

नोंदीच्याही आधी एक प्रश्न: हे वागणं कधीपासून आहे? महिन्यांपासून हळूहळू वाढत आलं असेल तर बीपीएसडी. परवापर्यंत ठीक होते आणि कालपासून बिथरलेत, तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या एखाद्या बिघाडानं अचानक झालेला मेंदूचा गोंधळ, समजायचा. ती तातडीची वैद्यकीय बाब आहे, सात दिवस नोंदी करत बसायची नाही.

ओळखायला ४एटी नावाची चाचणी नर्सला दोन मिनिटांत जमते. चार गोष्टी: माणूस नेहमीइतका जागा आहे का (पेंगुळलेला किंवा फारच तडतडा असेल तर थेट ४ गुण), वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष सांगतो का, महिने डिसेंबरपासून उलटे म्हणतो का, आणि अचानक किंवा चढउतार होणारा बदल आहे का (असेल तर ४). एकूण ४ किंवा जास्त आले की डिलिरियमची शक्यता धरायची. आमच्या आज्यांना महिने मराठी पंचांगाचे विचारले तर चैत्र ते फाल्गुन घडाघडा येतात, पण चाचणीत उलटे म्हणायचे असतात. लक्ष टिकतं का ते त्यातून बघायचं आहे.

गप्प पडलेला डिलिरियम सगळ्यात जास्त निसटतो. 'आज आजोबा शांत आहेत' ही बातमी चांगली असेलच असं नाही.

मग पलंगाशीच तपासायचं: ताप, नाडी, ऑक्सिजन, ग्लुकोमीटरवर साखर (ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असून जेवण अर्धवट झालं असेल तर हे पहिलं), ओटीपोट दाबून लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाले, गेल्या दोन आठवड्यांत कोणती गोळी नवी आली किंवा बंद झाली. लघवीच्या तपासणीबद्दल सावध राहा. केंद्रातल्या वृद्धांच्या लघवीत जंतू निरोगी अवस्थेतही बरेचदा सापडतात. ताप नाही, जळजळ नाही, ओटीपोटात दुखत नाही आणि फक्त रिपोर्टमध्ये जंतू आहेत म्हणून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. ते केलं की खरं कारण शोधणं थांबतं.

रात्रपाळी_सिस्टर

सांजवातताईंच्या पहाटे ३:१० च्या नोंदीवरून वेदनेबद्दल लिहिते. केंद्रात सर्वात कमी शोधलं जाणारं कारण हेच आहे. मधल्या आणि शेवटच्या टप्प्यातला माणूस 'दुखतंय' म्हणत नाही. विचारलं तर 'नाही' म्हणतो, कारण त्या क्षणी तो स्वस्थ बसलेला असतो. वेदना हालचालीत पाहायची असते: उठवताना, वळवताना, बाही चढवताना.

पेनएड मोजपट्टी वापरा. पाच गोष्टी, प्रत्येकी ० ते २ गुण: श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, शरीराची ठेवण, आणि समजावल्यावर शांत होतात का. १० पैकी गुण. एकदा आराम करताना, एकदा वळवताना लिहा. दोन्हीतला फरक डॉक्टरांना दाखवा. 'दुखत असावं' म्हणण्यापेक्षा 'बसून १, वळवताना ६' हे ऐकलं जातं.

पॅरासिटामॉल 'लागेल तेव्हा' लिहिलेलं असेल तर ते दिलंच जात नाही, कारण मागणारा मागू शकत नाही. डॉक्टरांकडून ठरलेल्या वेळा लिहून घ्या. आंघोळ किंवा जखमेचं ड्रेसिंग असेल तर त्याआधी ४५ मिनिटं एक मात्रा पोटात गेलेली असावी. वजन ५० किलोच्या खाली किंवा यकृताचा आजार असेल तर दिवसाची मात्रा कमी होते, तेव्हा वजन आधी करा. पश्चिम नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममध्ये ३५२ रहिवाशांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे पायरीपायरीनं वेदनेवर उपचार केले, तर बिथरण्याचे गुण सुमारे १७ टक्क्यांनी उतरले. त्यातल्या बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल लागलं.

दात विसरू नका. कवळी काढून हिरड्या बघा. जेवण आलं की ते हातानं ढकलणाऱ्या माणसाच्या तोंडात बरेचदा फोड किंवा तुटका दात सापडतो.

चाफा

मी मावशी-मामांना शिकवण्याचं काम करते, म्हणून आंघोळीवरच लिहीन. मारणं, ओरबाडणं, शिव्या यांचा मोठा वाटा तिथेच असतो.

बघा काय होतं ते. माणूस थंड खोलीत, अनोळखी हातांनी उघडा केला जातो आणि डोक्यावरून शॉवर सुरू होतो. आज ऐंशी-पंचाऐंशीच्या असलेल्या पिढीनं जन्मभर पाटावर बसून बादली-तांब्यानं आंघोळ केलेली असते. पाणी कधी, कुठे पडणार हे त्यांच्या हातात असायचं. वरून अचानक कोसळणारं पाणी हा त्यांच्या दृष्टीनं हल्लाच आहे. चकचकीत ओल्या फरश्या डबक्यासारख्या दिसतात, म्हणून दारातच पाय रोवून उभे राहतात.

तयारी अशी. गरम पाण्याची बादली भरून दार पाच मिनिटं लावून ठेवा, पंखा बंद. टॉवेल, कपडे, पॅड, खोबरेल आधीच आत. अर्ध्यात कुणीही काहीतरी आणायला जायचं नाही. पाणी ३८ ते ४० अंश, थर्मामीटरनं मोजलेलं. मावशींच्या हाताला गरम पाण्याची सवय असते, त्यामुळे हातानं अंदाज चुकतो आणि म्हाताऱ्या कातडीला लवकर पोळतं. बसायला पाठीचं, रबरी बुडाचं स्टूल, गुडघे काटकोनात येतील एवढ्या उंचीचं. खरा पाट नको, त्यावरून उठता येत नाही.

खांद्यावर एक टॉवेल, मांडीवर दुसरा. दोन्ही शेवटपर्यंत अंगावर राहतात. भिजले तरी चालतील. त्यांच्या खालून धुवायचं. सुरुवात पावलांपासून. मग हात, पाठ, शेवटी तोंड. केस वेगळ्या दिवशी. तांब्या त्यांच्याच हातात द्या आणि आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवा, म्हणजे ओतणारे ते असतात, वजन आपण पेलतो. 'पायावर घालूया हं पाणी' असं प्रत्येक वेळी आधी सांगा, आणि दोघी असाल तर बोलणारी एकच. दुसरीनं गप्प राहायचं. दोन आवाज दोन बाजूंनी आले की ते कावरेबावरे होतात.

'नको' म्हटलं की थांबा. अंग झाका, बाहेर आणा, वीस मिनिटांनी दुसरं माणूस पाठवा. ओढत नेलेली आंघोळ त्यांना प्रसंग म्हणून आठवत नाही, पण भीती मागे राहते आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार दिसलं की उफाळते.

रोज पूर्ण आंघोळ वैद्यकीयदृष्ट्या लागत नाही. आठवड्यातून दोनदा पूर्ण, बाकी दिवस तोंड, काखा, जांघा आणि कातडीच्या घड्या पुसल्या तरी त्वचा नीट राहते. नातेवाइकांना हे पटायला वेळ लागतो, 'आईला पारोसं ठेवता का' असं विचारतात. विचारणं रास्त आहे. ज्या बाईनं आंघोळ-पूजेआधी कधी चहा घेतला नाही, तिला पारोश्यानं नाश्ता दिला तर ती ताट ढकलते, आणि रजिस्टरमध्ये 'जेवण नाकारते' अशी नोंद होते. अशांना सकाळी लवकर हात-पाय-तोंड धुऊन, कपडे बदलून, देवासमोर दोन मिनिटं बसवा, मग बशी पुढे करा.

अजिबातच जमत नसेल तर पलंगावरची टॉवेल-आंघोळ. न धुता चालणाऱ्या सौम्य साबणाचे काही थेंब दोन लिटर गरम पाण्यात. त्यात मोठा टॉवेल बुडवून घट्ट पिळा, कोरड्या चादरीखालून अंगावर पसरा आणि टॉवेलवरूनच चोळा. तो गार होण्याआधी काढा, वर लगेच कोरडं पांघरूण. दहा-बारा मिनिटांत होतं, एकदाही उघडं करावं लागत नाही.

कोथरूडकर

संध्याकाळी पाचनंतर 'मला घरी जायचंय' सुरू होतं त्याचं काय करावं? 'हेच तुमचं घर' असं सांगितलं की आणखी चवताळतात.

सांजवात

ते सांगणं बंदच करा. त्यांच्या डोक्यात जे घर आहे तिथे स्वयंपाक राहिलाय, मुलं शाळेतून यायचीत, गाईची धार काढायचीय. तुमचं वाक्य त्यांना खोटं वाटतं आणि सांगणारा माणूस कैद करणारा वाटतो. 'घरी कोण वाट बघतंय?' असं विचारा. उत्तरात गरज सापडते. 'बाळ भुकेलं असेल' म्हणणाऱ्या आजींना बऱ्याचदा स्वतःलाच भूक लागलेली असते. मग सोबत निघा. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन, वाटेत लघवीला नेऊन, चहाच्या टेबलापाशी परत यायचं. दहा मिनिटं लागतात. दारात अडवून घातलेला वाद तासभर चालतो.

पण खरी तयारी चारपासून. दुपारचं जेवण बाराला आणि रात्रीचं साताला असेल तर मधल्या सात तासांत नुसता चहा-बिस्किट पुरत नाही. साडेचारला शिरा, उपमा, केळं असं काहीतरी पोटात जाऊ द्या. दिवे अंधार पडण्याआधी लावा, सगळे. पडदेही आधी ओढा, कारण बाहेर अंधार झाला की खिडकीची काच आरसा होते आणि त्यात 'माणसं' दिसतात. भांडणाच्या मालिका बंद. पाळीबदल नेमका त्याच वेळी असेल तर निदान सामान आवरणं, पिशव्या घेणं, 'चला, निघते मी' हे त्यांच्यासमोर करू नका. सगळे घरी निघालेले बघून त्यांनाही निघावंसं वाटणारच.

आणि दिवेलागण करा. देवापाशी दिवा (विजेचा, ज्योत पदराजवळ आणि ऑक्सिजनजवळ नको), शुभंकरोति, मग परवचा. ज्यांनी १९४०-५० च्या दशकांत शाळा केली त्यांना पाढे, पावकी-निमकी अजून चालीवर येतात, मुलाचं नाव आठवत नसलं तरी. कुणाला हरिपाठ. वीस मिनिटांचा हा कार्यक्रम अस्वस्थतेच्या तासाच्या आधी ठेवायचा. बिथरल्यावर सुरू केला तर आवाजात आवाज मिसळतो, एवढंच होतं.

रात्रपाळी_सिस्टर

झोपेचा हिशोब कुणी मांडत नाही म्हणून लिहिते. साडेसातला दिवे मालवले, ऐंशीच्या माणसाची झोप सहा-सात तासांची, म्हणजे दीड-अडीचला तो झोप पूर्ण होऊन उठला. त्यात दुपारी दोन तास खुर्चीत डुलकी काढलेली. हा निद्रानाश नव्हे. रजिस्टरमध्ये मात्र 'रात्री २ पासून जागे' अशी नोंद, आणि झोल्पिडेम किंवा अल्प्राझोलाम सुरू. मग लघवीला उठताना पडतात, खुबा मोडतो.

दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणा, सकाळी ८ ते १० अंगणात किंवा गच्चीत उजेडात बसवा, रात्री साडेनऊपर्यंत जागं ठेवा. केंद्रात हे अवघड आहे कारण संध्याकाळची पाळी आठला संपते आणि सगळे झोपलेले असले की काम सोपं होतं. इनचार्जनं पाळीची वेळ बदलल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. दोनला उठलेल्या माणसाला बळजबरीनं आडवं करू नका. लघवी, अर्धा कप दूध, मंद दिवा, खुर्ची. बेडरेल वर केलेली असेल तर ते वरून चढतात आणि जास्त उंचीवरून पडतात. त्यापेक्षा पलंग सर्वात खाली आणि शेजारी गादी.

डोनेपेझिल (डिमेन्शियात स्मरणासाठी देतात ती गोळी) रात्री देत असाल आणि भयानक स्वप्नं पडून ओरडत असतील तर ते सकाळी हलवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. इतका छोटा बदल असतो कधी कधी.

औषधवाला

औषधांबद्दल मी लिहितो, कारण चिठ्ठ्या माझ्याच हातात येतात. हे वाचून कुणी मनानं काही सुरू किंवा बंद करू नये. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून हे.

आधी बिथरवणारी औषधं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, खाजेचं हायड्रॉक्सिझिन, झोपेसाठी दिलेलं प्रोमेथाझिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिन. ही सगळी मेंदूतलं ॲसिटिलकोलिन अडवतात. ते स्मरण आणि लक्ष यांसाठी लागणारं रसायन, डिमेन्शियात ते आधीच कमी असतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना तीन दिवस सर्दीची गोळी दिली की लघवी तुंबते, बद्धकोष्ठ होतं, भास सुरू होतात, आणि चौथ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं जातं.

सगळ्यात खटकणारी जोडी म्हणजे रिस्पेरिडोनसोबत (हे अँटिसायकोटिक, म्हणजे भास-संशयावरचं औषध) सवयीनं दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल. दोन्ही एकाच गोळीतही मिळतात. तरुण रुग्णांत हात थरथरू नयेत म्हणून ते देतात. डिमेन्शियात त्यानं गोंधळ वाढतो, आणि सोबत डोनेपेझिल चालू असेल तर एक गोळी जे वाढवू बघते ते दुसरी अडवते. थरथर आलीच तर आधी रिस्पेरिडोन कमी करणं हा सरळ मार्ग आहे.

आता अँटिसायकोटिक. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल २००५ मध्ये १७ चाचण्या एकत्र पाहून काळ्या चौकटीतला इशारा दिला: डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका १.६ ते १.७ पट. दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत सुमारे ४.५ टक्के मृत्यू, नुसती नकली गोळी घेणाऱ्या गटात २.६. २००८ मध्ये हॅलोपेरिडोलसारख्या जुन्या औषधांनाही तोच इशारा लागला. पक्षाघात, न्यूमोनिया, पडणं, सुस्ती हे वेगळंच. फायदा नाही असं मी म्हणत नाही. भास खरे मानून कुणी दुसऱ्याच्या अंगावर धावत असेल, बाकीचे उपाय करून झाले असतील, तर रिस्पेरिडोन ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळू वाढवतात. दिवसाला १ मिलिग्रॅमच्या आसपास बहुतेकांचं भागतं. घिरट्या, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वस्तू लपवणं, कपडे काढणं यांना ते लागू पडत नाही. फक्त माणूस जागचा हलेनासा होतो आणि केंद्राला ते 'सुधारणा' वाटतं.

चिठ्ठीवर बंद करण्याची तारीख असलीच पाहिजे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: पुरेशा मात्रेत चार आठवड्यांत गुण नाही आला तर कमी करत बंद, गुण आला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून पाहायचं, आणि त्या काळात व पुढे चार महिने दर महिन्याला तपासायचं. 'चालू ठेवा' एवढंच लिहिलेली जुनी चिठ्ठी तीन-तीन वर्षं फिरत राहते.

मनोवैद्य

औषधवाल्यांशी पूर्ण सहमत. एक भर घालतो, ती जिवावरची आहे. लेवी बॉडी डिमेन्शिया. लहान मुलं किंवा प्राणी स्पष्ट दिसणं, दिवसागणिक शुद्धीत चढउतार, झोपेत हातवारे आणि लाथा, पार्किन्सनसारखा ताठरपणा, ही चित्रं जुळत असतील तर हॅलोपेरिडोलचं इंजेक्शन देऊ नका. अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांत तीव्र ताठरपणा, गुंगी येते आणि जीवही जाऊ शकतो. फाइलच्या मुखपृष्ठावर लाल अक्षरात लिहून ठेवा, कारण रात्री बाराला बोलावलेल्या डॉक्टरला आतली पानं वाचायला वेळ नसतो. आणि दिसणारी मुलं त्रास देत नसतील, आजी त्यांना खाऊ देऊन खूश असतील, तर उपचाराची गरजच नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममध्ये सोयीसाठी औषधानं जखडणं बेकायदा ठरवलं. 'लागेल तेव्हा' लिहिलेलं अँटिसायकोटिक १४ दिवसांपुरतंच चालतं; पुढे हवं तर डॉक्टरांनी स्वतः येऊन रुग्ण तपासून नव्यानं लिहायचं. २०१२ मध्ये इथल्या केंद्र सरकारची ही औषधं कमी करण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी २३.९ टक्के या औषधांवर होते, पुढे आकडा १५ च्या आसपास आला. पण स्किझोफ्रेनियाचे रुग्ण या मोजणीतून वगळले जात, म्हणून काही ठिकाणी ऐंशीच्या लोकांना ते निदान नव्यानं चिकटवलं जाऊ लागलं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं त्याची तपासणी जाहीर केली. आकड्यावर नियम बसवला की आकडा सुधारतो. रजिस्टर उघडून प्रत्येक माणसाचं कारण वाचावंच लागतं.

केंद्रचालक

सगळं मान्य. पण रात्री दहा-बारा रहिवाशांमागे एक मावशी असते. तिनं सात रकाने भरायचे, मोजपट्ट्या लावायच्या, व्हरांड्यात फिरवायचं? आणि कुणी सलाइन ओढत असेल तर हात बांधण्यावाचून मार्ग काय?

सांजवात

अडचण खरी आहे, आणि मावशीवर ढकलून ती सुटणार नाही. म्हणूनच एका वेळी एकच रहिवासी म्हटलं. लिहिता येत नसेल तर घड्याळाचं चित्र छापलेला कागद द्या, बिथरले त्या तासावर टिकली लावायची. बाकी सिस्टर सकाळी विचारून भरतील. पहिला माणूस निवडायचा तो ज्याच्यापायी सगळ्यात जास्त वेळ जातो. त्याची आंघोळ सुधारली तर रोज दोन माणसांचा अर्धा तास वाचतो, तोच पुढच्या माणसाला मिळतो.

बांधण्याबद्दल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ९७ स्पष्ट आहे: तत्काळ इजा टाळायला दुसरा कोणताच मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरजेपुरत्या वेळेसाठी. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच, हे त्या कलमातच लिहिलंय. सलाइनसाठी: आधी ते खरंच हवं का विचारा. चमच्यानं पाणी, सरबत, पेज घेत असतील तर थोडं थोडं दर तासाला देता येतं. हवंच असेल तर नळी बाहीच्या आतून पाठीमागे न्या, सुईवर सैल बँडेज, आणि हातात घडी घालायला रुमाल किंवा टॉवेल. डोळ्यांसमोर नळी नसली की बरेच जण ओढत नाहीत.

पायवाट

एक लक्षण इथे अजून आलंच नाही, कारण ते कुणाला त्रास देत नाही. निरिच्छपणा. दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला माणूस. बीपीएसडीत हे फार मोठ्या प्रमाणावर आढळतं आणि रजिस्टरमध्ये 'शांत, सहकार्य करतात' म्हणून नोंदलं जातं. उदासीपासून वेगळं करा: उदास माणूस रडतो, दोष घेतो, जेवण सोडतो, निरिच्छ माणूस सुरुवात करून दिली तर करतो, स्वतःहून सुरू करत नाही.

म्हणून सुरुवात आपण करायची. 'काही करता का?' असं विचारू नका, 'नको' येणार. समोर सूप ठेवा, त्यात मटारच्या शेंगा, आपण एक सोला, दुसरी त्यांच्या हातात द्या. वाती वळणं, तांदूळ निवडणं, कपड्यांच्या घड्या; पुरुषांना नाणी लावणं, नटबोल्ट, वर्तमानपत्राच्या घड्या. पंधरा-वीस मिनिटं, तिघा-चौघांचा गट. वस्तू तोंडात घालणाऱ्यांना कापूस, कच्चे दाणे, नाणी द्यायची नाहीत, त्यांना कापडच. निवडलेले तांदूळ त्यांच्यासमोर पुन्हा मिसळू नका.

घिरट्या घालणाऱ्यांबद्दल: त्यांना बसवू नका, वाट मोकळी करा. फिरून फिरून वजन उतरतं, ते दर आठवड्याला करा. ताटावर बसत नसतील तर हातात धरून खाता येईल असं द्या: थालीपिठाचे तुकडे, पोळीची सुरळी, मऊ लाडू, केळं. गिळताना ठसका लागत असेल तर चालता चालता काहीही नको.

कोथरूडकर

दोन गोष्टी अजून. 'माझ्या बांगड्या चोरल्या' हा आरोप रोज मावशींवर होतो. आणि केंद्रात ठेवताना आम्ही कुटुंबानं नेमकं काय लिहून द्यावं?

चाफा

बांगड्या: 'कुणी नाही चोरल्या' म्हणू नका, 'चला, शोधूया' म्हणा. शोधताना सापडवण्याचा मान त्यांचा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, उशीचा अभ्रा, ब्लाउज, कागदात गुंडाळून कचऱ्याचा डबा. यादी करून ठेवा, डबा रिकामा करण्याआधी बघा. सोनं घरी न्या, तशाच दिसणाऱ्या दोन जोड्या आणून द्या. रिकाम्या मनगटानं बसणं त्या पिढीला सहन होत नाही, मंगळसूत्राचंही तसंच. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईला गाऊनमध्ये उघडं वाटतं आणि ती तो ओढत राहते. गाऊनवर पदरासारखी ओढणी द्या, नाहीतर शिवलेली साडी. आरशातल्या 'त्या बाईशी' भांडत असतील तर आरशावर पडदा.

लिहून द्यायचा कागद एकच पान, पलंगापाशी लावता येईल असा. निदान आणि औषधं फाइलमध्ये असतातच. या पानावर बाकीचं. घरात काय म्हणून हाक मारायचे: माई, आक्का, तात्या, अण्णा, मास्तर. अनोळखी मुलीनं 'डार्लिंग' किंवा नुसतं नाव घेतलं तर राग येतो. बोली कोणती, मागून शिकलेली भाषा बरेचदा आधी जाते, तेव्हा हिंदी-इंग्रजी कळेल असं धरू नका, आणि मावशी मराठी नसतील तर 'दुखतंय', 'लघवी', 'नको', 'थांबा' हे शब्द त्यांना लिहून द्या. आंघोळ सकाळी की संध्याकाळी, आधी चहा की आधी पूजा. भारतीय संडासाची सवय होती का. कमोड ओळखू येत नाही म्हणून कोपऱ्यात लघवी होते, त्यांना झाकण उघडं आणि सीट वेगळ्या रंगाची लागते. चष्मा कोणता, कोणत्या कानानं ऐकू येतं. कशाला घाबरतात. कोण गेलेलं त्यांना आठवत नाही, म्हणजे 'यजमान कुठे आहेत' विचारलं की रोज नव्यानं मृत्यूची बातमी कुणी देणार नाही. झोपताना कोणत्या कुशीवर. चहा कपानं घेतात की बशीत ओतून.